ऑस्ट्रियाच्या पलटणींना संगिनीचा हल्ला सक्तीचा करावा का? (क्योनिगग्रेट्स, १८६६)

खडूसेनापती (धागाकर्ता):
दीड वर्ष झालं, १८६६ च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धातल्या क्योनिगग्रेट्सच्या लढाईचे (बोहेमिया, म्हणजे आजचं चेकिया) टेबलावर खेळायचे नियम रचतोय. शिपाई सहा मिलिमीटरचे. ऑस्ट्रियाच्या कोटांना पांढरा रंग देता देता डोळे गेले, आणि आता सगळं एकाच नियमापाशी अडलंय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. प्रशियाकडे ड्रायझं, म्हणजे सुईची बंदूक. मागून भरायची, त्यामुळे पडल्या पडल्या भरता येते. मिनिटाला पाच बार, पण पल्ला फार तर ६०० मीटर. ऑस्ट्रियाकडे लोरेन्झ, ठासणीची. मिनिटाला दोन बार, पल्ला मात्र जास्त. तोफाही ऑस्ट्रियाच्याच सरस, आट्यांच्या (आतून पिळाच्या खाचा असलेल्या) नळीच्या. प्रशियाच्या बऱ्याच तोफा अजून गुळगुळीत नळीच्या होत्या. कागदावर पाहिलं तर ऑस्ट्रियाने टेकडीवर बसून लांबून मारत राहावं. प्रत्यक्षात त्यांच्या पलटणी दाटीवाटीने संगिनी लावून धावल्या. १८५९ मध्ये फ्रेंचांनी असंच अंगावर येऊन त्यांना इटलीत हरवलं होतं. तो धडा त्यांनी जरा जास्तच मनावर घेतला.

माझ्या पहिल्या खर्ड्यात सक्ती नव्हती. मित्राने ऑस्ट्रिया घेतली, रणांगणाच्या मधोमध असलेल्या ख्लुम गावाच्या टेकडीवर तोफा मांडल्या आणि चहा पीत दिवसभर प्रशियाला भाजून काढलं. जागचा हलला नाही. खेळला झकास, पण ते १८६६ नव्हतं. मग नियम घातला: शत्रू चार इंचांवर आला की ऑस्ट्रियाच्या पलटणीने फासा टाकायचा, १ ते ३ पडला तर हल्ला सक्तीचा. मित्र म्हणाला, "मग फासेच खेळू देत, मी भजी घेऊन येतो."

काय करावं?

ठासणीवाला:
सक्तीला ठाम विरोध. तुमचा मित्र जिंकला कारण तुमची लोरेन्झ खोटी आहे. तिची गोळी संथ, कमानीसारखी जायची. अंतराचा अंदाज चुकला की सरळ शत्रूच्या डोक्यावरून. १८५९ मध्ये फ्रेंच याच कमानीखालून धावत आले! त्यात ऑस्ट्रियाचं सैन्य दहा-बारा भाषांचं, नेमबाजीचा सराव तुटपुंजा. पल्ला द्या, पण लांबचा नेम वाईट ठेवा. लांबून मारून भागत नाही हे कळलं की खेळाडू आपणहून संगीन काढेल. कारण नीट बसवा, परिणाम शोधत येतो.

नकाशापुरुष:
हे ऐकायला छान आहे हो, पण टेबल मोजलंत का? सहा फुटांचं टेबल म्हणजे ७२ इंच. लढाईची आघाडी सुमारे दहा किलोमीटर. एक इंच झाला १५० मीटरचा. ड्रायझंचा पल्ला ४ इंच, लोरेन्झचा ९०० मीटर धरलात तरी ६. तुमची ती सगळी कमान दोन इंचांत आटपली. आणि टेबलावरचा एक डाव म्हणजे लढाईतला अर्धा तास असताना मिनिटाचे बार कोण मोजणार?

या मापात फक्त परिणाम बघायचा. २७ जूनला ट्राउटेनाउला ऑस्ट्रियाच्या गाब्लेन्झची कोअर (अनेक पलटणींची मोठी फौज) जिंकली, ऑस्ट्रियाचा त्या मोहिमेतला एकुलता एक धड विजय. माणसं पडली ऑस्ट्रियाची सुमारे ४,८००, प्रशियाची सुमारे १,३००. हल्ला लागू पडायची शक्यता बरी, नुकसान तिप्पट-चौपट. एवढं एका तक्त्यात घाला की झालं.

ठासणीवाला:
तक्त्यात घातलं म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवला. मग टेबल लहान नाही, तुमची हाव मोठी आहे. इंचाला २५ मीटर धरा आणि फक्त रणांगणातलं स्विपवाल्डचं जंगल खेळा, जेमतेम मावेल. ३ जुलै १८६४ ला डेन्मार्कमध्ये लुंडबीला एक डॅनिश कंपनी दाटीने प्रशियाच्या कंपनीवर चालून गेली. काही मिनिटांत निम्मी आडवी, प्रशियाचे तिघे जखमी. हा थरार तुमच्या अर्ध्या तासाच्या डावात कुठे दिसतो?

पानिपतकर:
आपलं पानिपत सोडून बोहेमियात कशाला मरायचं?

खडूसेनापती:
पानिपताचा वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

दूतघोडा:
मला वाटतं प्रश्नच चुकीच्या पायरीवर विचारला जातोय. तुमचा खेळाडू आहे कोण? पलटणीचा मेजर की ऑस्ट्रियाचा सरसेनापती बेनेडेक? बेनेडेक असेल तर संगीन लावायची की नाही हे त्याच्या हातात नव्हतंच.

स्विपवाल्डचंच घ्या. त्या जंगलात घुसायचा हुकूम बेनेडेकने दिलेला नव्हता. चौथ्या कोअरचा फेस्टेटिक्स पायाला लागून पडला, मोलिनारीने सूत्रं घेतली आणि पलटणीमागून पलटणी आत ढकलल्या. शेजारून दुसऱ्या कोअरचा थूनही ओढला गेला. समोर होता प्रशियाच्या फ्रान्सेकीचा एकच डिव्हिजन. या नादात ऑस्ट्रियाची उजवी बाजू उघडी पडली, आणि प्रशियाचा युवराज आपलं सैन्य घेऊन नेमका तिथूनच आला. बेनेडेकने त्यांना मागे बोलावलं, पण ते परतत असतानाच प्रशियाच्या गार्ड पलटणी ख्लुममध्ये शिरल्या.

म्हणून फासा पलटणीचा नको, कोअरच्या सेनापतीचा हवा. 'स्वतःच्या डोक्याने पुढे गेला' असा. मी १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धासाठी असं खेळले आहे. फारच चिडचिड होते, आणि तीच तर हवी.

नकाशापुरुष:
मान्य, पण हा फासा दोन्ही बाजूंना द्या. फ्रान्सेकी तरी कुणाला विचारून जंगलात शिरला होता? आणि १८७० मध्ये प्रशियाच्याच श्टाइनमेट्झ सेनापतीने लष्करप्रमुख मोल्टकेच्या डोक्याला काय ताप दिला! फक्त ऑस्ट्रियन वेडे असं दाखवलंत तर तो इतिहास नाही, जिंकणाऱ्याची बखर.

ठासणीवाला:
म्हणजे आता खेळाडू तिकीट काढून आलेला प्रेक्षक. राइसविट्झने १८२४ मध्ये प्रशियाच्या अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ पक्का केला, तेव्हा लेखी हुकूम आणि मध्ये पंच होता. पुढे नियमांचं जंजाळ नको म्हणून १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वाने फासे-तक्ते सोडून बहुतेक सगळं पंचावरच सोपवलं. ते परवडलं. हुकूम उशिरा पोचला तर राग पंचावर काढता येतो, फाशावर काय काढणार?

दूतघोडा:
पंच आणायचा कुठून? रविवारी तीन माणसं जमवताना मारामार, त्यातला एक निम्मा वेळ फोनवर. हुकमाला घोडा द्या, पंच लागत नाही. २ जुलैच्या रात्री युवराजाला 'उद्या या' हे सांगायलासुद्धा फिंकेनश्टाइन नावाचा अधिकारी अंधारातून घोडा मारत गेला, पोचला पहाटे चारला. टेबलावर हुकमाची चिठ्ठी ठेवायची आणि डावाला ठरावीक इंच सरकवायची. ती पोचेपर्यंत जुना हुकूम चालू.

खडूसेनापती:
काल चिठ्ठ्यांनी खेळून पाहिलं, फासा दोन्ही बाजूंना. फ्रान्सेकी जागच्या जागी राहिला (हे कसं खेळायचं ते अजून कळलेलं नाही). मोलिनारीला मात्र दुसऱ्याच डावात १ पडला. मित्राने 'मागे फिर' अशी चिठ्ठी लिहिली, ती जंगलाच्या कडेला पोचायला दोन डाव गेले, तोवर मित्र थूनला शिव्या घालत होता, जो अजून हललाही नव्हता. भजी आणायला कुणी उठलं नाही. जिंकला मात्र प्रशियाच, आणि तेही फार सहज. ते अजून बघायचंय.

ठासणीवाला:
आणि लोरेन्झचा पल्ला?

खडूसेनापती:
सध्या पाच इंच. भांडायला रविवारी या.