लंडनच्या काँक्रीट वसाहती: इमारत वाईट की घरमालक?

रविवारचा भटक्या
परवा लंडनच्या कॅम्डन भागातली अलेक्झांड्रा रोड वसाहत बघून आलो. बायकोच्या मते तो वाहनतळ आहे. मला मात्र तिथून पाय निघेना. नीव्ह ब्राउन या आर्किटेक्टने केलेली ही सरकारी भाड्याची ५२० घरं १९७८ च्या सुमारास पूर्ण झाली. पाठीमागून यूस्टन स्टेशनच्या रेल्वेगाड्या जातात, म्हणून रुळांच्या बाजूची रांग उंच बांधली आणि तिच्याखाली रबराच्या गाद्या घातल्या. पुढच्या बाजूला मजले घाटाच्या पायऱ्यांसारखे मागे सरकत जातात, त्यामुळे प्रत्येक घराला उघडं आकाश आणि कुंड्यांपुरती जागा मिळते. काँक्रीटला गिलावा नाही, शटरिंगच्या फळ्यांच्या रेषा तशाच ठेवल्यात. मधून विटांची वाट, गाड्यांना बंदी.
महायुद्धानंतरच्या या वसाहतींना सरसकट 'राक्षसी ठोकळे' म्हणणं मला पटत नाही. इमारती चांगल्याच होत्या, डागडुजी कुणी केली नाही.

अकरावा मजला
फोटो छान. आता आतली गोष्ट. मी अशाच एका वसाहतीत (नाव नको) तीन हिवाळे काढलेत. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवलं होतं. मार्चमध्ये हलवलं तर मागे काळी बुरशी, बॅगेतल्या साड्यांना वास. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "खिडक्या उघड्या ठेवा." जानेवारीत! हीटर लावला तर बिल परवडत नाही, नाही लावला तर भिंतीला घाम. याला डागडुजीचा अभाव म्हणायचं की मुळातच चुकलेलं डिझाइन?

सेंट्रिंगवाला
तुम्ही दोघं वेगवेगळ्या इमारतींबद्दल बोलताय. काँक्रीटचा स्लॅब आतून बाहेर सलग गेला की थंडी त्यातूनच आत येते आणि घरातली वाफ तिथे पाणी होऊन बसते. तेव्हा उष्णतारोधनाचा विचार फारसा कुणी करत नसे, हा दोष खराच. पण अलेक्झांड्रा रोड हे जागेवर ओतलेलं, निगुतीने केलेलं काम. बाकीचे कितीतरी टॉवर म्हणजे कारखान्यात ओतलेल्या भिंती क्रेनने उचलून एकावर एक ठेवलेल्या. त्यात १९५६ च्या कायद्याने जितके मजले जास्त तितकं घरामागे अनुदान जास्त, मग उंची वाढणारच. १६ मे १९६८ ला लंडनच्या रोनन पॉइंट टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि २२ मजली इमारतीचा अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. ४ माणसं गेली. लोक रहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्या स्वस्त घाईची बदनामी ब्राउनसारख्यांच्याही वाट्याला आली.

चाळकरी
मला 'आकाशातले रस्ते' या कल्पनेचं हसू येतं. स्मिथसन या आर्किटेक्ट दांपत्याने लंडनच्या रॉबिन हुड गार्डन्स वसाहतीत (१९७२) घरांपुढे रुंद गॅलऱ्या काढल्या, शेजारी तिथे गप्पा मारतील म्हणून. अहो, चाळीत गॅलरी चालते कारण दारं उघडी असतात, नळ सामायिक असतो, खाली चौकात पोरं दिसतात. इथे गॅलऱ्या बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून, दारं बंद, वर इंग्लंडची हवा. ती वसाहत पाडली ते बरंच झालं. तिचा एक तुकडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जपलाय म्हणे. राहायला नको, बघायला हवी!

रविवारचा भटक्या
चाळकरी, लंडनचाच ट्रेलिक टॉवर घ्या, आर्किटेक्ट अर्नो गोल्डफिंगरचा. ३१ मजले, तेच काँक्रीट. लिफ्टचा वेगळा मनोरा, दर तिसऱ्या मजल्यावर मुख्य इमारतीला पुलाने जोडलेला. सुरुवातीला लोक तिथे घर घ्यायला घाबरत. १९८० च्या दशकात रहिवाशांनी संघटना काढली, दारावर माणूस बसवून घेतला आणि नाव सुधारलं. यात काँक्रीट कुठे बदललं?

सेंट्रिंगवाला
+१. पण त्याच गोल्डफिंगरचा बॅलफ्रन टॉवर विसरू नका. १९६८ मध्ये तो स्वतः बायकोसह तिथे दोन महिने राहिला होता, काय जमलंय-बिघडलंय ते बघायला. आता ती वारसा इमारत आहे, नूतनीकरण झालं, आणि फ्लॅट खुल्या बाजारात विकायला काढले. सरकारी भाडेकरू बाहेर. इमारत जपली, वसाहत गेली.

अकरावा मजला
हेच म्हणायचं होतं. गरीब राहतात तोवर ठोकळा, श्रीमंत आले की वास्तुकला.
भटक्या, दारावर माणूस बसवून गुंड थांबतात, ओल थांबत नाही. पुढच्या वेळी जानेवारीत जा, आणि कुणाच्या तरी घरी चहाला बसून कपाट सरकवून बघा.