मदत हवी आहे : पट्ट्या लिहिताना लक्षच टिकत नाही

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, वय 41. सौदे झाले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, करायच्या: वजन, दर, हमाली, तोलाई. गेल्या आठवड्यात 18 पोत्यांची 81 केली. शेतकऱ्यानंच हसत दाखवून दिलं, म्हणून निभावलं.

आकडेमोड चांगली येते हो, घोटाळा लक्षाचा आहे. तोलाई लिहिताना मोबाईल वाजतो, बघतो तर भाच्याच्या वाढदिवसाचा केक. परत वहीकडे वळलो की कुठल्या ओळीवर होतो तेच आठवत नाही. मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकून पाहिला, तर हात आपोआप ड्रॉवरकडे जातो. काय सांगायचं!

पुतण्यानं पोमोडोरो पद्धत सांगितली, 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. रात्री घरी जमते. दुकानात मात्र दहाव्या मिनिटाला "दिवाणजी, माझ्या पट्टीचं काय झालं?" म्हणत कुणीतरी उभं. लांबून आलेल्या माणसाला थांबा म्हणणं बरं दिसत नाही.

गिऱ्हाईक समोर ठेवून लिखापढी करणाऱ्यांनी सांगा, मध्येच उठावं लागलं तर परत धागा कसा पकडता? पहाटे उठून ध्यान करा, हे सोडून. ते घरच्यांनी सांगून झालंय.