गिरमिटिया म्हणजे नक्की कोण? (शब्दचर्चा)

आमच्या वाचनगटाने या वेळी मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांवरची ऐतिहासिक कादंबरी घेतलीये. त्यात पानोपानी 'गिरमिटिया' येतं. मला गिरमिट म्हणजे सुताराचं लाकडाला भोक पाडायचं हत्यार एवढंच माहीत, त्याचा काही संबंध आहे का? आणि मराठीत बोलताना वेठबिगार म्हटलं तर चालेल का?

— संबंध काही नाही हो. हत्यारवालं गिरमिट 'गिम्लेट'वरून आलं आणि हे 'ॲग्रीमेंट'वरून, भोजपुरी बोलणाऱ्यांच्या तोंडी ॲग्रीमेंटचं गिरमिट झालं आणि ज्याने त्या कागदावर अंगठा उठवला तो गिरमिटिया. गांधीजींनीही दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मजुरांबद्दल लिहिताना हीच फोड दिलीये.
वेठबिगार नको. वेठ म्हणजे फुकट राबवणं, इथे पगार ठरलेला, मुदत ठरलेली (बहुतेक ५ वर्षं), आता तो पगार कापून कापून हातात किती पडायचा हा भाग वेगळा. गुलामही नको, कारण गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि मळेवाल्यांना माणसं कमी पडायला लागली म्हणून तर १८३४ पासून ही भरती जोरात सुरू झाली. करारबद्ध मजूर बरोबर आहे पण फार सरकारी वाटतं, एकदा अर्थ म्हणून सांगा आणि पुढे गिरमिटियाच म्हणा. फक्त त्याचं 'गिरमिट्या' करू नका, आपल्याकडे टकल्या, लंगड्या अशी हाक मारतात तसं वाटतं ते!

— आणि स्थलांतरित?

— जो बोटीतून उतरला तो स्थलांतरित, पण त्याच्या तिथेच जन्मलेल्या नातवाला काय म्हणून स्थलांतरित म्हणायचं? मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला, हे लोक जिथे उतरायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथला 'आप्रवासी' शब्द मला जास्त नेमका वाटतो, बाहेरून आत आलेला. 'कुली' मात्र जपून. आपल्याला स्टेशनवरचा हमाल आठवतो, तिकडे ती शिवी होती.

— अरकाटीला, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या दलालाला, मुकादम म्हणू का?

— नको. मुकादम टोळीबरोबर राहतो, अरकाटी गावातून माणूस गोड बोलून आणायचा, बोटीआधी मजुरांना ठेवायचे त्या डेपोत पोचवला की त्याचं काम संपलं. मळ्यावर मुकादमाचं काम करणाऱ्याला 'सरदार' म्हणायचे, ते आधीच सांगून ठेवा नाहीतर गटात निम्म्यांना घोडा आणि तलवार दिसेल.