स्मार्ट बोर्डापेक्षा शुक्रवारचा चहा

"बोर्ड बसवला, एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, आता त्यावर फक्त पीपीटी चालते" ही कॉलेजातल्या स्मार्ट बोर्डाबद्दलची एकाची तक्रार वाचली आणि हसू आलं. आमच्याकडेही तेच! फरक पडला तो आम्ही पाच-सहा प्राध्यापक दर शुक्रवारी चहाला बसायला लागल्यावर. नियम एकच: या आठवड्यात वर्गात काय फसलं, ते आधी सांगायचं.

तिथेच हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची १९९१पासूनची पद्धत कळली. संकल्पनेवर एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा निवडायचं. क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं हातातलं यंत्र) घ्यायला पैसे कुठले, म्हणून आम्ही रंगीत कार्डशीटचे तुकडे वाटले. 'ट्रक आणि कारची टक्कर झाली, जास्त बल कोणावर?' बल दोघांवर सारखंच असतं, पण न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेल्या मुलांनीही बिनदिक्कत 'कारवर'चं कार्ड उंचावलं. (मीही दहा वर्षं हा नियम 'शिकवला' होता म्हणे.) मग जो गोंगाट झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर बघायला आले, आता तेही चहाला असतात.

एफडीपीचं (प्राध्यापकांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमाचं) प्रमाणपत्र बढतीच्या फायलीत लागतं, ते घ्याच. पण असा गट जमवताना प्राचार्यांना अध्यक्ष करू नका, नाहीतर फसलेलं कुणी सांगणार नाही.