हॉलसाठी गेमिंग कॉम्प्युटर घ्यावा का?

वहिनी: सर्वांना नमस्कार. हॉलच्या टीव्हीला जोडायला ‘स्वस्तातला’ गेमिंग कॉम्प्युटर घेण्याचे ह्यांनी ठरवले आहे. ट्रेडमिलचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊकच आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

दादा: ट्रेडमिलचा येथे काहीही संबंध नाही. ती आजही चालू स्थितीत आहे.

आत्या: हो, तिच्यावर टॉवेल उत्तम वाळतात.

मामा: टीव्हीचा गेम मोड सुरू केला आहे का?

दादा: मामा, प्रश्न कॉम्प्युटरचा आहे. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या स्टीम मशीनसारखे, १६ जीबी रॅम आणि ८ जीबी ग्राफिक्स मेमरीचे लहानसे यंत्र हॉलला पुरेसे आहे. शिवाय प्लेस्टेशनवर बहुतेक विकतचे गेम ऑनलाइन खेळायला जी वर्गणी भरावी लागते, ती वाचेल.

मी: वर्गणीचा मुद्दा मान्य आहे. परंतु ४के पडद्यावर १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात आणि नवे गेम तेवढ्या तपशिलात चालवताना ८ जीबी अपुरे पडू शकतात, त्यामुळे चित्र लहान काढून मोठे करून घ्यावे लागेल. सोफ्यावरून तो फरक फारसा कळणार नाही, हेही खरे. माझी हरकत वेगळी आहे. स्टीम मशीन विंडोजवर नव्हे, तर लिनक्स या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते. ‘प्रोटॉन’ या सॉफ्टवेअरमुळे २०१८ पासून विंडोजचे असंख्य गेम लिनक्सवर चालू लागले, तरी फोर्टनाइट तेथे चालत नाही, आणि आपले चिरंजीव दुसरे काही खेळत नाहीत.

वहिनी: हे मला कोणीही सांगितले नव्हते.

दादा: त्यावर विंडोज टाकता येते.

आत्या: म्हणजे खोके उघडल्या दिवसापासून खटपट.

मामा: पुन्हा विचारतो, गेम मोड सुरू आहे का?

दादा: मामा, आपला मान राखून सांगतो, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर मी केबलने टीव्हीला जोडून पाहिला आहे. बटण दाबल्यावर खेळाडू क्षणभराने उडी मारतो. तो जुना झाला, एवढाच याचा अर्थ.

मामा: तो उशीर टीव्हीचाही असू शकतो. चित्र सुधारण्यासाठी टीव्ही प्रत्येक फ्रेमवर जी प्रक्रिया करतो, ती गेम मोडमध्ये बरीचशी बंद होते. म्हणूनच मी सकाळपासून विचारत आहे.

वहिनी: आताच पाहिले. गेम मोड बंद होता. सुरू केल्यावर बटण दाबताक्षणी उडी बसते. मात्र कॉम्प्युटरचा पंखा मिक्सरसारखा घरघरतो.

दादा: मग निदान आवाजासाठी तरी नवा घ्यावा लागेल.

आत्या: आधी पंख्यातली धूळ काढावी. ट्रेडमिलवरचीही.