अ‍ॅनिमेशनचे प्लगइन दर अपडेटला मोडतायत. ब्लेंडर, ओपनटूंझ की आणखी काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमळनेरहून लिहितेय. अहिराणी बालगीतं टूडी कटआउट पद्धतीने (सुटे अवयव रंगवून, जोडून हलवायचे) करते, जोडीला लग्नपत्रिकांचे व्हिडिओ. पोट पत्रिकांवर चालतं, जीव अहिराणीत आहे. आत्ता आखाजीचं (अक्षय तृतीयेचं) एक गाणं हातात आहे. लिंबाला झोका, माहेरी आलेल्या दोन बहिणी, गौराई. गाणं रेकॉर्ड झालंय, पात्रं रंगवून झालीत आणि सगळं प्लगइनपाशी येऊन अडलंय.

सॉफ्टवेअर दरमहा भाडं भरायचं. त्यावर दोन विकतचे प्लगइन : एक पात्राला हाडं (अवयव वाकवणारा आतला सांगाडा) बसवणारा, दुसरा आवाज ऐकून ओठ हलवणारा. (नावं घेत नाही. भांडण नको, उत्तर हवंय.)

हाडांचा प्लगइन मूळ सॉफ्टवेअर अपडेट झालं की रुसतो. परवाच्या अपडेटनंतर थोरल्या बहिणीचा कोपर उलटा वाकतोय आणि झोक्याची दोरी धरलेला हात खांद्यातून निखळून पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन पडतोय. फाइल उघडताना म्हणे "कंट्रोलर सापडला नाही". कंपनीला मेल केला तर उत्तरात नव्या आवृत्तीवर सवलतीचं कूपन आलं. म्हणजे बिघाड त्यांचा आणि दुरुस्तीचे पैसे माझे.

ओठांचा प्लगइन याहून तऱ्हेवाईक. उघडताना दरवेळी नेटवरून लायसन्स तपासतो. भर उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालू, आणि हा सांगतो की तुमचं लायसन्स वैध नाही. पैसे मी भरायचे आणि साक्ष राउटरने द्यायची! वर त्याला अहिराणीही झेपत नाही. "मन्हा भाऊ उना" या ओळीत म आणि भ ला ओठ मिटायला हवेत, उ ला चंबू. हा भ ला तोंड उघडंच ठेवतो. भाचीने पाहिल्या पाहिल्या विचारलं, "मावशी, ही बाई काय खातेय?"

आता दुसरीकडे जायचं ठरवलंय. ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल (त्यातलं टूडी चित्रांचं साधन), ओपनटूंझ, सिनफिग, मोहो ही नावं ऐकून आहे. नेटशिवाय चालणारं आणि मराठी-अहिराणी ओठ जमणारं काही आहे का? हात-पाय सुटे रंगवलेली जुनी पात्रं तिकडे नेता येतील का? रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड जुनं. "नवा लॅपटॉप घ्या" हे उत्तर कृपया नको.

तापीकाठ :

ताई, आधी आखाजी पार पाडा. गाणं अर्ध्यावर असताना सॉफ्टवेअर बदलू नका. भाड्याच्या सॉफ्टवेअरची मागची आवृत्ती बहुतेक वेळा आपल्या खात्यातून उतरवून घेता येते. ती वेगळी बसवा आणि ऑटो अपडेट बंद करा. अपडेटच्या आधीची फाइल शोधून तिची प्रत त्यात उघडा, कारण नव्यात सेव्ह केलेली जुन्यात उघडेलच असं नाही. हात जागेवर दिसला की प्लगइनने केलेल्या सगळ्या हालचाली साध्या कीफ्रेममध्ये (कुठल्या क्षणी अवयव कुठे, या नोंदींत) बेक करून, म्हणजे कायमच्या उतरवून टाका. मग प्लगइन राहिला काय नि गेला काय.

ओठांसाठी ऱ्हुबार्ब लिप सिंक घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, नेट लागत नाही. बटणंबिटणं नाहीत, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची. तो मुळात इंग्रजी शब्द ओळखायला बसतो, म्हणून रेकग्नायझर (आवाज ओळखायची पद्धत) "फोनेटिक" ठेवायला विसरू नका. मग भाषा कुठलीही असो, तो नुसते ध्वनी बघतो. तोंडाचे ए ते एफ असे सहा आकार काढावे लागतात : ए म्हणजे मिटलेले ओठ, डी म्हणजे मोठा आ, एफ म्हणजे तुमचा चंबू. जी, एच, एक्स हे तीन जादा, ऐच्छिक. वेव्ह फाइल द्यायची, कुठल्या क्षणी कुठला आकार याची यादी साध्या मजकुरात मिळते. फक्त हे बोलण्यासाठी बनवलंय, गाण्यासाठी नाही. ढोलकी वाजत असलेला ट्रॅक दिलात तर काहीच्या काही येईल. गाणारीला तेच शब्द त्याच ठेक्यात नुसते बोलायला लावा आणि ते रेकॉर्डिंग द्या. पुढे थोडा हात फिरवावा लागेलच.

साक्रीवाला :

आता सगळे ब्लेंडरकडे ढकलतील. मी स्वतः तेच वापरतो, तरी सांगतो : अ‍ॅडऑन (म्हणजे तिथले प्लगइन) तिथेही मोडतात. ४.० मध्ये (नोव्हेंबर २०२३) हाडांचे लेयर जाऊन बोन कलेक्शन आली, रिगिंगचे (हाडं बसवण्याचे) कितीतरी अ‍ॅडऑन त्या दिवशी आडवे झाले. ४.३ मध्ये (नोव्हेंबर २०२४) ग्रीस पेन्सिल आतून नव्याने लिहिलं गेलं, पुन्हा तीच रड. फरक एवढाच की जुनी आवृत्ती कोणी हिसकावून घेत नाही. एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती धरा. ४.५ एलटीएस जुलै २०२५ ला आली, तिला दोन वर्षं फक्त दुरुस्त्या मिळतात. झिप उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिच्यात "पोर्टेबल" नावाचा फोल्डर करा, म्हणजे सेटिंगही तिच्यापाशीच राहतील. एक गाणं, एक आवृत्ती. आणि विकतचा अ‍ॅडऑन घेण्याआधी बघा की ते काम साध्या पेरेंटिंगने (एक अवयव दुसऱ्याला बांधून) होतं का. कोपर-गुडघ्याला होतं.

आधी ग्राफिक्स कार्ड तपासा. ब्लेंडर ४.० पासून ओपनजीएल (कार्डाकडून चित्र काढून घ्यायची प्रणाली) ४.३ लागतं. कार्डाला ते झेपत नसेल तर या आवृत्त्या उघडणारच नाहीत, रॅम कितीही असो.

अमळनेरची :

कार्ड तपासलं, ओपनजीएल ४.१ पर्यंतच जातं. म्हणजे हे नवं ब्लेंडर बाद. ओपनटूंझचं काय?

तापीकाठ :

मग तेच घ्या. मूळचं इटलीतलं टूंझ, स्टुडिओ घिबली वापरायचा, २०१६ मध्ये मुक्त झालं. पैशाच्या कामाला वापरलं तरी फुकट. पहिले काही दिवस शिव्या द्याल, एक्सशीट (फ्रेमचा तक्ता) उभी असते, वरून खाली वाचायची. पण हाडं प्लगइनविना आहेत : चित्रावर प्लास्टिक टूलने जाळी टाका, कोपराला सांधा द्या. जुन्या पात्राचा प्रत्येक अवयव पारदर्शक पीएनजीत काढा आणि सांध्यापाशी थोडा जास्त रंगवून ठेवा, नाहीतर हात वाकला की फट दिसते. ऑटोसेव्ह आधी चालू करा. ऱ्हुबार्ब त्यालाही जोडता येतो.

सिनफिगही चाललं असतं, पण दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका.

अमळनेरची :

मागची आवृत्ती बसवली, हात खांद्याला परत आला, बेक करून घेतलं. नणंदेला ठेक्यात बोलायला बसवलं, तिला हसू आवरेना, पण फोनेटिकवर भ ला ओठ मिटतायत. हे गाणं जुन्यातच संपवते, पुढचं ओपनटूंझमध्ये. एक शंका : लिंबाच्या ल साठी जीभ दिसणारा एच आकार वेगळा काढू का? चार पात्रं आहेत, प्रत्येकीचा काढावा लागेल.

साक्रीवाला :

नका काढू. सेकंदाला २४ फ्रेम असल्या की ल दोन-तीन फ्रेममध्ये निघून जातो, फोनवर कोणाला दिसतोय! एच दिला नाही तर ऱ्हुबार्ब त्याच्या जागी सहापैकी एक वापरतो. तो वेळ झोक्याच्या दोरीला द्या. हात आणि दोरी एका फ्रेमपुरतेही सुटे झाले तर ते मात्र दिसतं.