दापोलीच्या विद्यापीठात कायम ठेव द्यायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी आणि आमचे हे, दोघंही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. ओळख झाली ती कोयकलमाच्या प्रॅक्टिकलला. यांची कलमकाडी सारखी निसटत होती, मी प्लास्टिकची पट्टी आवळून दिली. आज वेंगुर्ल्याजवळ आमची काजूची बाग आहे. झाडं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, म्हणजे विद्यापीठाच्याच केंद्राने काढलेल्या जाती. जे काही उभं राहिलं ते तिथल्या शिक्षणावर, त्यामुळे आता आपणही काही द्यावं असं दोघांच्याही मनात आहे.

शेवटच्या वर्षाला ‘रावे’साठी, म्हणजे शेतकऱ्यांबरोबर राहून कामाचा अनुभव घ्यायच्या अभ्यासक्रमासाठी, मुलं गावात राहतात. खोलीभाडं, जेवण, एसटी, सगळ्यांच्याच घरून हे निघत नाही. मुद्दल तसंच ठेवून व्याजातून दर वर्षी एकदोन गरजू मुलींना मदत व्हावी, असा विचार आहे.

कुणी अशी ठेव दिली आहे का? पैसे थेट विद्यापीठाकडे द्यावेत की माजी विद्यार्थी संघामार्फत? गुणांपेक्षा गरज आधी बघावी, ही अट लेखी घालता येते का? नव्या करप्रणालीत देणगीवर आयकराची वजावट मिळत नाही हे माहीत आहे, त्यासाठी अडलेलं नाही. करारपत्राचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया कळवा.